वेदवतीला दिसणारे पक्षी

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आमच्या पूर्वजांनी म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात तलवारी चालवल्या. त्यांपैकी एक तलवार अजून घरात आहे आणि दरवर्षी आजच्या दिवशी पाटावर बसते. यंदा तिच्या शेजारी दोन वल्ही आणि माझा कॅमेरा आला. ज्याने माणूस आपले कर्म साधतो ते शस्त्र, अशी व्याख्या स्वीकारली तर वल्ह्याला आक्षेप घेता येत नाही. मी आक्षेप घेतला तो निराळ्या गोष्टीला. वेदवतीने माझा वाचायचा चष्माही पाटावर ठेवून त्याला कुंकू लावले.

"अहो, तुमचं खरं शस्त्र तेच की," ती म्हणाली. "जन्मभर पोरांकडं त्याच्यावरनं बघून बघून त्यांना अर्धं मारलात."

पाटावर बसलेली वस्तू विजयादशमीची पूजा होईपर्यंत हलवायची नाही, हा नियम या घरात मीच कडकपणे पाळत आलो आहे. त्यामुळे चष्मा पाटावरच राहिला. दुपारी केवळ सवयीने वर्तमानपत्र हाती घेतले आणि अक्षरे स्वच्छ वाचता आली. बारीक टाइपातल्या जाहिरातीसुद्धा. सत्तरी उलटल्यावर दृष्टी सुधारणे हा अपवाद असेल, परंतु असंभव नाही. दोन वर्षे नदीवरच्या हिरवळीकडे पाहण्याचा हा परिणाम असावा.

हे वेदवतीला सांगितले. ती म्हणाली, "बघा, चष्म्याला पूजा पावली."

१२ ऑक्टोबर, रविवार

नदी ओसरली. आमच्यासारख्यांना सोसवेल इतपत शांत झाल्याचे मेहुण्यांनी, रणोजीरावांनी, कळवले. त्यांचे नारळीचे बन तलकाडच्या अलीकडे कावेरीच्या काठावर आहे आणि आमची कॅनो त्यांच्याच गोठ्यात उलटी ठेवलेली असते.

ही नाव दिव्यश्रीने, आमच्या मुलीने, आई निवृत्त झाली त्या वर्षी घेऊन दिली. वेदवती मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत असे, मी महाविद्यालयात तर्कशास्त्र. दोन निवृत्त माणसांनी म्हैसूरच्या बोगादी भागातल्या घरात दिवसभर वाद घालण्यापेक्षा तो नदीवर घालावा, म्हणजे शेजाऱ्यांना झोप मिळेल, असे दिव्यश्रीचे प्रतिपादन होते. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. वेदवती मागे बसून नाव वळवते. मी पुढे बसतो, समोरच्या खडकांवर लक्ष ठेवतो आणि छायाचित्रे घेतो. भिंगाचे फोकस मी हाताने जुळवतो. काय स्पष्ट दिसावे याचा निर्णय यंत्राने माझ्या वतीने घ्यावा, हे मला मान्य नाही.

यंदा धुके फार लवकर पडले आहे. दहा वाजून गेले तरी पलीकडचा काठ दुधात बुडवल्यासारखा होता.

"नीरुनायी!" वेदवती मागून कुजबुजली. पाणमांजराला आमच्याकडे तोच शब्द आहे. "वाळूवर बघा. चार-पाच आहेत. पिल्लं पण."

मी पाहिले. पुराबरोबर वाहून आलेली लाकडे होती.

"लाकडे आहेत."

"लाकडं पोटावर लोळतात काय हो?"

"प्रकाश हलतो, म्हणून लाकूड हलल्यासारखे वाटते. दोरीच्या ठिकाणी साप दिसावा तसे."

"साप नाही म्हणाले मी. नीरुनायी म्हणाले."

नाव काठाला लागेपर्यंत वाद चालला. मी छायाचित्र घेतले होतेच. घरी आल्यावर ते दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लावले आणि खुर्चीत बसून तपासले. लाकडे. वेदवती उठून पडद्यापाशी गेली आणि बोटाने दाखवू लागली: हे डोके, ही शेपटी, हे पिल्लू. तिच्या बोटाखाली मला एकही डोके दिसले नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट घडली. ती नोंदवायला मी रात्रीपर्यंत टाळाटाळ केली.

खालच्या घाटाजवळून जाताना वेदवतीने वल्हे मांडीवर ठेवून हात हलवला. कुणाला, असे मी विचारले. "तो काय, पायरीवर. देवळातले वाटतं. किती छान हसले." मी पायऱ्यांकडे नीट पाहिले. पायऱ्या होत्या. त्यांवर कोणी नव्हते.

सासूबाईंची शेवटची वर्षे आम्ही दोघांनी पाहिली आहेत. त्या अंगणात कुणाकुणाशी बोलत, त्यांना पाणी देत, बसायला सांगत. अंगण रिकामे असे. वेदवतीने तेव्हा एकदा मला विचारले होते, "हे माझ्याकडं पण येईल काय हो?" एका दाखल्यावरून व्याप्ती, म्हणजे सर्वांना लागू पडणारा नियम, सिद्ध होत नाही, असे उत्तर मी दिले होते. उत्तर बरोबर होते. तिने जे विचारले होते त्याचे मात्र ते उत्तर नव्हते.

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा. या वेळी पक्षी. नदीच्या मध्यावरच्या सपाट खडकावर करवानक बसला आहे, त्याचे पिवळे डोळे दिसताहेत, चोच किंचित वर वळलेली आहे, असे तिने मला इतक्या तपशिलाने सांगितले की ऐकणाऱ्याला चित्र काढता आले असते. मी खडक पाहिला. नुसता खडक. छायाचित्र घेतले. पडद्यावर नुसता खडक.

आता मांडणी टाळता येत नाही. वेदवतीला नसलेल्या वस्तू दिसतात, ही प्रतिज्ञा. हेतू, म्हणजे कारण: तिला जे दिसते ते त्याच ठिकाणी, त्याच वेळी, निरोगी डोळ्यांच्या दुसऱ्या माणसाला दिसत नाही. सासूबाई हा दाखला. वेदवतीची स्थिती तशीच आहे. म्हणून निष्कर्ष तोच. हेतूत दोष शोधण्याचा मी सबंध दुपार प्रयत्न केला. दुसऱ्या माणसाचे डोळे निरोगी नसतील, ही एकच फट होती. ती मी तपासून बंद केली: याच डोळ्यांनी मी आज चष्म्यावाचून पंचांग वाचले.

विद्यार्थ्याने असा निर्दोष युक्तिवाद लिहून आणला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आयुष्यात प्रथमच एखादा युक्तिवाद चुकावा असे मला वाटते आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निर्णय घेतला. यापुढे मी तिला खोडून काढणार नाही. भास होणाऱ्या माणसाचा भास वादाने जात नाही; माणूस फक्त एकटा पडतो. सासूबाईंना आम्ही सारखे "तिथं कुणी नाही आई" म्हणत राहिलो आणि त्या अधिकाधिक गप्प होत गेल्या. वेदवती गप्प झालेली मला चालणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

"कवड्या खंड्या," ती म्हणाली. "वायरवर. डोकं खाली घालून बसलाय, तुमच्यासारखा."

"हो," मी म्हणालो. "दिसला."

मागे वल्ह्याचा आवाज थांबला. नाव जरा तिरकी झाली.

"काय म्हणालात?"

"दिसला म्हणालो. सुरेख आहे."

मी वळून पाहिले तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. संध्याकाळी तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, नंतर मानेला. ताप नव्हता. आपल्याला कोणीतरी समजून घेतले की माणूस हळवा होतो, त्याचे हे चिन्ह असावे. तिने शेवयांची खीर केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मी सहा-सात वेळा हो म्हणालो. सराव होतो आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत ती अकस्मात म्हणाली, "आज शुक्रवार, अल्वा?" कन्नडातले हे "अल्वा" ती नेहमी वाक्याच्या शेवटी होकार मागायला लावते. आज रविवार आहे. हे नवे लक्षण. आता काळाचेही भान सुटू लागले. मी रस्त्याकडे पाहत अत्यंत शांतपणे म्हणालो, "हो, शुक्रवार."

थोड्या वेळाने तिने खिडकीची काच खाली केली आणि तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे धरून बसली. घरी आल्यावर पाहतो तो डोळे लाल. धूळ गेली म्हणाली. मग बराच वेळ ती न्हाणीघरातून बाहेर आली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिव्यश्री आली होती. तिची कंपनी म्हैसुरातल्याच हेब्बाळला आहे. सबंध आठवडा कंपनीच्या बसने येते-जाते, रविवारी झोपते. आज मात्र सकाळी सकाळीच हजर झाली आणि नदीवर जाऊ नका म्हणाली. मायलेकी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो तशा दोघी एकदम कोथिंबीर निवडू लागल्या. जुडी एकच होती.

जेवणानंतर दिव्यश्रीने कागद पुढे केला. तिचे मराठी तोकडे आहे, अर्धे कन्नडात जाते.

"अप्पा, सुम्ने, असाच एक गेम. ऑफिसमध्ये सगळे करतात. एक घड्याळ काढा. मग टाइम अकरा वाजून दहा दाखवा."

मी काढले. वर्तुळ कंपासशिवाय काढल्याबद्दल समाधान वाटले. तासकाटा अकराच्या नेमका थोडा पुढे ठेवला, कारण दहा मिनिटांत तो हलतोच. पुष्कळांना हे सुचत नाही. मग तिने मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मध्येच इकडचे तिकडचे बोलली आणि ते शब्द परत विचारले. सफरचंद, टेबल, रुपया. मी सांगितले.

तिचा हेतू मी ओळखला. आईविषयी तिलाही शंका आलेली आहे आणि आईला न दुखवता चाचणी कशी घ्यावी याची ती माझ्यावर रंगीत तालीम करीत होती. मुलगी शहाणी आहे. जाताना मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "मला सगळे ठाऊक आहे. आपण दोघे मिळून सांभाळू." यावर ती मला बिलगली आणि रडली.

गाडीच्या किल्ल्या खिळ्यावर नाहीत. वेदवती म्हणते, आता गाडी तीच चालवणार, तिला हौस आली आहे. हौस मोडणे बरे नव्हे. परंतु मी शेजारी बसून रस्त्यावर लक्ष ठेवतो.

७ डिसेंबर, रविवार

वेदवतीला मनोविकारतज्ज्ञाकडे कसे न्यावे याची जुळवाजुळव मी करीत होतो, तोच आज तीच म्हणाली, "अहो, संक्रांत झाली की आपण दोघं एकदा मोठ्या डॉक्टरकडं जाऊन येऊ या काय? सगळं तपासून. डोक्याचं पण. या वयात चांगलं असतंय."

मी लगेच होकार दिला. ती हा विषय स्वतःच काढेल असे वाटले नव्हते. आतून तिला काही जाणवत असले पाहिजे. बिचारी.

तिचा हात हाती घेऊन बराच वेळ बसलो. तिनेही सोडवून घेतला नाही. आम्ही दोघांनीही असे कधी केलेले नाही.

१४ डिसेंबर, रविवार

हे घरी येऊन, कोरडे होऊन, दोन पेले गरम कॉफी घेऊन लिहितो आहे.

सकाळी धुके इतके दाट होते की कॅमेरा मी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद करून ठेवला. दुर्दैवाच्या दिवशी सुचलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट. वरच्या अंगाला जिथे नदी दोन बेटांमध्ये अरुंद होते, तिथे पाण्याला ओढ असते. वेदवती मागून ओरडली,

"बंडे! उजव्या अंगाला बंडे आहे! ओढा, डावीकडं ओढा!"

बंडे म्हणजे खडक. अशा वेळी पुढच्याने डाव्या बाजूला वल्हे खोल खुपसून नावेचे नाक ओढून घ्यायचे असते. मागच्याला एकट्याने ते साधत नाही. मी समोर पाहिले. राखाडी पाणी आणि त्यावर राखाडी धुके. खडक नव्हता. तिच्या स्वरात भीती होती, म्हणून मी शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणालो, "हो वेदा, दिसतोय," आणि वल्हे मांडीवरच ठेवले. नसलेल्या खडकासाठी नाव वळवून तिचा भास पक्का करणे मला योग्य वाटले नाही.

पुढच्या क्षणी नावेचे नाक वर उचलले गेले, एक कर्कश घासल्याचा आवाज झाला आणि आम्ही दोघे पाण्यात होतो.

लाइफ जॅकेटमुळे मी लगेच वर आलो. पाय टेकले, पाणी छातीपर्यंत होते. पहिला विचार मगरींचा आला, कारण याच भागात त्या उन्हाला वाळूवर येतात. दुसरा विचार वेदवतीचा आला. हा क्रम मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ती माझ्या आधीच उभी राहिली होती, एका हाताने तिने उलटलेली नाव धरली होती आणि दुसऱ्याने माझी कॉलर.

"लागलं काय? अहो, बोला की! लागलं काय?"

"नाही."

"दिसतोय म्हणालात की! दिसत होता तर ओढला का नाहीत?"

तोल सावरण्यासाठी मी हात पुढे केला होता आणि तो कशावर तरी टेकला होता. थंड, खडबडीत, वरून शेवाळलेला, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा खडक. मी दोन्ही हात त्यावर ठेवले. हात फिरवला. खडक होता.

वाळूवर पोचलो. ती नावेतले पाणी काढीत होती आणि कन्नडात मला, नदीला आणि नाव देणाऱ्या दिव्यश्रीला एकाच वाक्यात शिव्या घालीत होती. मी ओला टॉवेल डोक्यावरून घेतला. त्याचे टोक डाव्या डोळ्यावर आले आणि पलीकडचे नारळीचे बन नाहीसे झाले. टॉवेल सारला, बन अंधुकसे परत आले. उजवा डोळा झाकला. बन तसेच अंधुक राहिले. मग वर पाहिले. ऊन डोक्यावर आले होते. वेदवतीच्या सावलीची कडा वाळूवर तीक्ष्ण पडली होती, पायांजवळची एकेक गारगोटी मोजता येत होती, आणि दहा पावलांपलीकडे सर्वत्र धुके होते. भर दुपारी.

अनुमान कसे फसते हे शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एकच जुने उदाहरण लिहीत असे. डोंगरावर वाफ उठते. पाहणारा तिला धूर समजतो. आणि धुरावरून अग्नी सिद्ध करतो. अनुमानाची प्रत्येक पायरी अचूक असते, फक्त ज्यावर ते उभे असते तो धूरच नसतो. हे मी हजारो मुलांना शिकवले.

"वेदा," मी म्हणालो, "आज नदीवर धुके आहे का?"

तिने हातातले भांडे खाली ठेवले. "कसलं धुकं? केव्हाचं स्वच्छ ऊन पडलंय की."

१८ डिसेंबर, गुरुवार

डॉ. विद्याश्रींनी माझे डोळे तपासायला फार वेळ घेतला नाही.

"सर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला वाढलेला. इतके दिवस कसं चालवलंत?"

"मला चष्म्यावाचून वाचता येते," मी म्हणालो. तो माझा शेवटचा बुरूज होता.

त्या हसल्या. "तेच तर लक्षण. काही मोतीबिंदूंत भिंग आतून घट्ट होतं आणि जवळचं काही दिवस उलट बरं दिसतं. लोक खूश होतात आणि आमच्याकडं येतच नाहीत. लांबचं कसं दिसतंय हे कुणी विचारत नाही." मग वेदवतीकडे वळून, "घाबरण्यासारखं काही नाही हं. साधं ऑपरेशन आहे."

"एवढंच?" वेदवतीने विचारले. "डोळेच फक्त? बाकी वरती सगळं ठीक?"

"वरती म्हणजे?"

"काही नाही," वेदवती म्हणाली आणि पदराने तोंड पुसले.

बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घेतली. तिला सांगणे भाग होते. मी क्रमाने सांगितले: पाणमांजरे, पायरीवरचा माणूस, करवानक, सासूबाई, त्यावरून काढलेला निष्कर्ष आणि त्या निष्कर्षापोटी घेतलेला हो म्हणण्याचा निर्णय. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी कॉफीचा पेला त्याच्या वाटीत ठेवला.

"म्हणजे मी दाखवलेलं एकपण दिसत नव्हतं?"

"नाही."

"आणि तुम्ही समजलात, मला वेड लागलं."

"वेड हा शब्द मी कुठेही वापरलेला नाही."

"अय्यो, शब्द राहू द्या हो!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. तिने आवाज उतरवला. "रविवारी मी शुक्रवार म्हणाले ते मुद्दाम म्हणाले होते. माहीत आहे काय? मुद्दाम. म्हटलं, आता तरी भांडतील. आणि तुम्ही काय केलात? 'हो, शुक्रवार.'" तिने माझा आवाज काढला, तो दुर्दैवाने हुबेहूब होता. "लग्नाच्या दिवशी मुहूर्तावरनं भटजींशी वाद घातलेला माणूस. दिव्या झाली तेव्हा वजन चुकीचं लिहिलंय म्हणून नर्सला पुन्हा मोजायला लावलेला माणूस. जन्मात कधी माझ्या बोलण्याला सरळ हो म्हटलं नाहीत, आणि एकदम सगळ्याला हो, हो, दिसलं, सुरेख आहे. मी काय समजायचं? मी समजले, संपलं. माझा माणूस गेला, नुसतं अंग राहिलं."

मी माझ्या कॉफीत दुसऱ्यांदा साखर घातली.

"दिव्याला मीच सांगितलं घड्याळ काढून घ्यायला," ती म्हणाली. "किल्ल्या मीच लपवल्या. पिठाच्या डब्यात."

"ते घड्याळ बिनचूक होते," मी म्हणालो. "तासकाटा अकराच्या पुढे होता."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हसू लागली. इतकी हसली की वेटर पाण्याचा पेला घेऊन धावत आला. मलाही हसू आले. आम्ही दोघे महिनाभर एकमेकांच्या बुद्धीचे सुतक पाळत होतो, आणि दोन्ही मृत समोरासमोर बसून कॉफी पीत होते.

बाहेर पडताना मी म्हणालो, "परंतु तुझी शुक्रवारची युक्ती सदोष होती. एका होकारावरून—"

"साकु!" ती म्हणाली. पुरे. आणि माझा हात घट्ट धरून रस्ता ओलांडला.

२२ जानेवारी, गुरुवार

पहिला डोळा झाला. सकाळी पट्टी काढली.

शहाण्या माणसाने अशा प्रसंगी रंगांविषयी लिहू नये, सर्वच लिहितात. मी इतकेच नोंदवतो की आमच्या दिवाणखान्याची भिंत पांढरी आहे. मी ती गेले वर्षभर बदामी समजत होतो आणि रंगाऱ्याने फसवले असे सर्वांना सांगत होतो.

दुपारी खुर्चीत बसून ऑक्टोबरपासूनची छायाचित्रे पडद्यावर लावली. बहुतेकांचे फोकस चुकलेले आहे, आणि यापुढे तो निर्णय यंत्राने घेण्यास माझी हरकत नाही. तरीही बारा ऑक्टोबरच्या वाळूवर, धूसर का होईना, पाच डोकी होती. दोन लहान. एक पिल्लू उताणे पडलेले. दोन नोव्हेंबरच्या खडकाच्या अगदी कोपऱ्यात एक धोंडा होता आणि त्या धोंड्याला पिवळा डोळा होता. घाटाच्या एका छायाचित्राच्या कडेला, पायरीवर, खांद्यावर उपरणे टाकलेला एक माणूस खरोखर हसत होता.

वेदवती दारात उभी होती. मी "होती" एवढेच म्हणालो.

"मग," ती म्हणाली आणि आत भाजी परतायला गेली.

८ मार्च, रविवार

दुसराही डोळा झाला, डॉ. विद्याश्रींनी परवानगी दिली आणि आज आम्ही नदीवर उतरलो. रणोजीरावांनी कॅनोचे नाक दुरुस्त करून घेतले आहे. ठिगळ मला स्पष्ट दिसते. वेदवतीच्या मते मोतीबिंदू गेला तरी माझी खोड गेली नाही.

सकाळ निरभ्र होती. मी पुढे, ती मागे. अर्धी वाट ती एक शब्द बोलली नाही. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हते. मी खडक सांगत गेलो, ती वळवत गेली. सपाट खडकापाशी मी हात वर केला आणि तिने नाव रोखली. करवानक खडकाशी एकरूप होऊन बसला होता. पोटाखाली, उघड्या दगडावर, ठिपक्यांचे एक अंडे. मी कॅमेरा उचलला, मग ठेवला. जवळ गेलो असतो तर तो उठला असता आणि अंडे उन्हात पडले असते. वेदवतीने न सांगताच वल्हे उलटे मारून नाव मागे घेतली.

"आधी तुम्हाला दिसला," ती मागून म्हणाली. "मी मुद्दाम गप्प बसले होते."

पुढच्या वळणावर तिचा जुना आवाज परत आला. "नीरुनायी! त्या वाळूवर बघा, लांबडा एक. झोपलाय."

मी पाहिले. अगदी नीट, दोन्ही डोळ्यांनी, आळीपाळीने आणि एकत्र.

"ते लाकूड आहे."

मागचे वल्हे थांबले.

"काय म्हणालात?"

"लाकूड आहे. बहुधा करंजाचे. डाव्या टोकाला फांदी तुटल्याची खूण आहे. तू शेपूट म्हणशील ती."

"लाकडाला मिशा असतात काय हो?"

"त्या मिशा नव्हेत, मुळे आहेत. उन्हाची दिशा बघ."

"उन्हाची दिशा मला शिकवू नका! मैदानावर जन्म गेला माझा!"

पाणमांजराचे कान, लाकडाची साल, साक्षीदाराची विश्वासार्हता आणि सासूबाईंच्या काळातील एक जुने प्रकरण, एवढे सर्व त्या वादात आले. दोघांपैकी कोणी वल्हे मारीत नव्हते. नाव आपली आपण वाहत जाऊन त्याच वाळूला लागली. आम्ही उतरलो, जवळ गेलो. मी त्यावर पाय ठेवला.

लाकूड होते.

वेदवती हरली. परतताना सबंध वाटेवर ती मागे बसून गुणगुणत होती आणि नाव पाण्यावर इतकी सरळ चालली होती की मला वल्हे मारावेच लागले नाही.